कुकरच्या शिट्टीवाली हळद

समस्त संगीतप्रेमींना जड अंतःकरणाने कळवण्यात येतं, की नव्वदच्या दशकातल्या एका रविवारी, चहा पिता पिता, मी चार बायकांचे आवाज पुसून टाकले. कॅसेटवरून नव्हे, यादीतून. पण परिणाम तोच.

पांडेसऱ्याच्या गिरणवस्तीत आमच्या खानदेशी मंडळाकडे लग्नगीतांच्या चाळीस कॅसेटी होत्या. कुणाकडे लग्न असलं की बायका गायच्या आणि मंडळाचा टेप पुढ्यात असायचा. मग एका कॅसेटवरची गाणी दुसरीवर उतरत. मी रंगाईच्या मिलमध्ये कारकून. मिलमध्ये नवा संगणक आलेला आणि तो मला येतो ही ख्याती माझी मीच पसरवलेली. त्यामुळे कॅसेटींची यादी माझ्याकडे आली. तिच्यात ‘हळदीचं गाणं’ सहा ठिकाणी निघालं. एकच गाणं सहादा? मला बघवेना. पहिली ओळ ठेवली, पाच उडवल्या. यादी अशी देखणी दिसायला लागली, की मी ती दोनदा छापली.

शेजारच्या मावशींचं त्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं होतं. आवाज उरला तो कुजबुजण्यापुरता. त्यात मुलीचं लग्न ठरलं, आणि हळदीला आईनं गायचं हा त्यांच्या घरचा रिवाज. मला जवळ बोलावून म्हणाल्या, “भाऊ, माझं जुनं गाणं लाव. पोरीले माझ्याच गळ्याची हळद लागू दे.”

हळदीच्या दुपारी मी जादूगाराच्या थाटात बटण दाबलं आणि टेपमधून मावशींच्या मोठ्या जाऊबाई गाऊ लागल्या. समोर बसलेल्या खऱ्या जाऊबाई पदर सावरून ताठ झाल्या. मावशींनी हळदीची वाटी खाली ठेवली. पाटावरची मुलगी मला म्हणाली, “दादा, यात आई कुठंय?”

“हळद ती हळद,” जाऊबाई म्हणाल्या. “माझी वाजली तर काय बिघडलं?”

माझा संगणक अगदी हेच म्हणाला होता.

उडवलेल्या ओळींबरोबर गाण्यांचे पत्तेही गेले होते. मावशींनी खूण सांगितली: त्यांच्या गाण्यात दुसऱ्या कडव्याला कुकरची शिट्टी होती. आम्ही कॅसेटी पुढेमागे पळवू लागलो. जाऊबाईंची धरून चार सापडल्या, चारही वेगळ्या बायकांच्या. पाचवीत शिट्टी वाजली आणि तिथेच टेपनं फीत खाल्ली. मी घामाघूम. मग सहावी सापडली. तिच्यातही शिट्टी, त्याच कडव्याला, त्याच शब्दावर.

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. गाणं एकच. ते कुणी, कधी म्हटलं ही वेगळी गोष्ट. आणि ते म्हणणं कुठल्या कॅसेटवर कितवं आहे, ही तिसरीच. मी तिन्ही एका खणात कोंबली होती. सहा ओळी, पण गायनं पाच. शेवटच्या दोन ओळी एकाच दुपारच्या, एक मूळ आणि एक तिच्यावरून उतरवलेली. पुढे यादी तशीच, तीन तक्त्यांत मांडली. पण आधी गाणं पहिल्यापासून लावलं.

मुलीच्या गालाला हळद लागली. मावशी डोळे मिटून स्वतःला ऐकत होत्या. पहिलं कडवं संपलं तशी त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी डोळे उघडले, आणि उरलेला होता नव्हता तेवढा आवाज काढून बोलून गेल्या:

“इतली बेसूर गायची मी? आन माले कोणी सांगितलं बी नही?”