लोकाचा पलंग

विजापूर रोडवरचा तो फ्लॅट मी भाड्याने घेतला तो सामानासकट. कपाट, सोफा, फ्रिज, पडदे आणि आतल्या खोलीत सागवानी पलंग, सगळं मालकांचं. ते पुण्याला राहायचे. अकरा महिन्यांच्या करारावर सह्या झाल्या तेव्हा पलंगावरून हात फिरवत म्हणाले, "मॅडम, आमच्या लग्नातला आहे. जपा." मी जपला. साधा चहाचा कप कधी त्याच्या कडेवर टेकवला नाही. दुसऱ्याच्या सामानात राहायचं म्हणजे आपल्याच घरात अंग चोरून वावरायचं.

मग आप्पांना, माझ्या वडिलांना, मंद्रूपहून आणावं लागलं. पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या, दुखणार नाही एवढं बघा. गावाकडे बघणारं कोणी नव्हतं. आई कधीच गेली होती आणि मी एकुलती. मी शिकवते ते कॉलेज सोलापुरात, इंजेक्शन द्यायला येणारी सिस्टरही इथलीच. मी गादीवर मेणकापड घातलं, वर आपली चादर, आणि त्यांना पलंगावर निजवलं. जन्मभर घोंगडीवर झोपलेला माणूस तो. गादी हाताने दाबून म्हणाले, "लई मऊ हाय की गं." कित्येक दिवसांनी ते हसले होते.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लगेच पुण्याला वर्दी दिली. मालकांचा फोन आला, आवाज नेहमीसारखा गोड. "मॅडम, पेशंट आणलाय म्हणे. माणुसकी आम्हालाही आहे हो. पण उद्या काही बरंवाईट झालं तर त्या घरात राहायला कोण येणार? आणि पलंगावर माणूस गेला तर तो पलंग टाकूनच द्यावा लागतो. त्यांना गावी ठेवा, नाहीतर घर रिकामं करा."

माझं डोकं फिरलं. हॉलमध्ये उभी राहून मी त्यांना झाडलं. "करारात मी आणि माझं कुटुंब असं लिहिलंय, आणि वडील माझेच आहेत. गादी खराब झाली तर भरून देईन, ती माझी जबाबदारी. पण या घरात कोणी मरायचं नाही असं कलम कुठे आहे, ते दाखवा. मुदतीच्या आत बाहेर काढायचं असेल तर नोटीस पाठवा. वकील मलाही मिळतो." मग "बघा, तुमची मर्जी" म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी जिंकले होते. त्याच तोऱ्यात आत गेले.

आप्पा पलंगावर नव्हते. फरशीवर भिंतीला टेकून बसले होते. कुशीवर वळायलासुद्धा दुसऱ्याचा हात लागणारा माणूस एकटा खाली कसा उतरला कोण जाणे.

"आप्पा, हे काय?"

"लोकाचा पलंग हाय, पोरी. माझ्यापायी कशाला भांडालीस?"

"भाडं मी देते त्याचं. आपला हक्क आहे."

"व्हय, हक्क हाय की. पर मला हितंच बरं वाटतंय."

मी चिडले, रडले, सिस्टरच्या मदतीने त्यांना पुन्हा वर निजवलं. पाठ वळली की त्यांचा पाय पलंगाखाली लोंबकळायला लागायचा. गादी खाली घेते म्हटलं तर तीही लोकाचीच म्हणाले. शेवटी कपाटातल्या माझ्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या चादरी मी फरशीवर अंथरल्या. सोलापूरची थंडी ती केवढीशी, पण फरशी गार पडायला तेवढी पुरते. "गार लागतंय का?" विचारलं की "न्हाय" म्हणायचे, आणि हात बर्फासारखा. मीही त्यांच्या शेजारी खालीच निजायचे. उशाशी तो भलाथोरला पलंग, चादरीला एक सुरकुतीही नाही. मला त्या लाकडाची शिसारी आली होती.

एका सकाळी मी चमच्याने चहा पाजत होते. एक चमचा आत गेला, दुसरा ओठांवरून ओघळला. आप्पा गेले.

मोहोळहून आत्या आली. भाऊ जमिनीवर आहे हे बघून तिने डोळे पुसले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. जीव जायच्या आत माणसाला खाली घेतात आमच्याकडे, पलंगावर गेला तर त्याला गती मिळत नाही असं मानतात. "येळेवर खाली घेतलंस बघ," ती म्हणाली. "लई शानी हायस." जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी त्यांना खाली घेतलं नव्हतं, हे त्या घोळक्यात कोणाला सांगणार?

सगळं उरकून परत आलो तर मालकांचा फोन. आधी दोन शब्द सांत्वनाचे. मग जरा घुटमळले. "मॅडम, एक विचारायचं होतं. वडील... पलंगावर नव्हते ना?"

त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच खरी काळजी होती. आत्या शेजारीच बसली होती.

"पलंगावरच गेले," मी म्हणाले. "आल्या दिवसापासून शेवटपर्यंत पलंगावरच होते."

आत्या माझ्याकडे बघतच राहिली. मी फोन ठेवला आणि मग मला रडू आवरेना, कारण ते खरं असायला हवं होतं.