काकाजींचं 'टेक'

इंग्रजी भाषेवर आमच्या काकाजींनी जितका जीव लावला, तितका खुद्द इंग्रजांनीही लावला नसेल. फरक एवढाच, की इंग्रजांना बोलायला हजारो शब्द लागायचे आणि काकाजींचं एका शब्दात भागायचं. तो शब्द म्हणजे 'टेक'. टेक म्हणजे घेणे. आणि जगात माणूस सकाळपासून झोपेपर्यंत दुसरं करतो काय, असा त्यांचा सवाल होता. "आपण चहा घेतो, विंग्रजबी चहा घेते. आपण सुटी घेतो, तेबी घेते. विसावा घेते, औषध घेते, काळजी घेते. मंग राह्यलं काय? टेक आलं त विंग्रजी आली, सूनबाई!"

काकाजी माझे चुलत सासरे. रेल्वेत तिकीटबाबू म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले होते आणि खामगावला आमच्याच घरात मागच्या दोन खोल्यांत काकूंसह राहत होते. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी मॅट्रिकला दोनदा नापास झाले होते. दोन्ही वेळा इंग्रजीनंच घात केला. ही बातमी माझ्या आधीच सासरी पोचली होती. बाकीच्यांनी ती ऐकून सोडून दिली, पण काकाजींचे डोळे चमकले. उभ्या आयुष्यात त्यांना असा विद्यार्थी मिळाला नव्हता, ज्याला त्यांच्याहून कमी इंग्रजी येतं.

घरी पाहुणा आला की काकाजी ओसरीवरूनच हाक द्यायचे, "टेक सीट, टेक सीट!" पाहुणा खेड्यावरचा असला तर त्याला यात काही वावगं वाटायचं नाही. आपल्याला कुणी आपुलकीनं 'टेक' म्हणतंय, म्हणजे बूड टेक म्हणतंय, असं समजून तो बापडा सतरंजीवर टेकायचा. काकाजी माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. म्हणजे पाहा, अडाणी माणसालाही कळतं. तुलाच तेवढं कळत नाही.

एकदा त्यांना थंडी वाजून ताप आला. डॉक्टर आमच्या गल्लीतलेच, काकाजींना लहानपणापासून ओळखणारे. त्यांनी नाडी धरताच काकाजी कण्हत म्हणाले, "डॉक्टर, फीवर टेक मी."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हंजे तापानं तुले घेतलं का तू तापाले घेतलं?"

"दोघाइनं एकमेकाले," काकाजी म्हणाले आणि पांघरुणात शिरले.

शेजारच्या लग्नातली गोष्ट तर गल्लीत कितीतरी दिवस पुरली. नवरदेवाचे एक मद्रासी साहेब मुद्दाम लग्नाला आले होते. मंडपात बायकांनी नवरीला उखाण्यासाठी घेरलं, हशा पिकला, तेव्हा साहेबांनी हे काय चाललंय म्हणून शेजाऱ्याला विचारलं. शेजारी नेमके काकाजी. त्यांनी छाती काढून सांगितलं, "ब्राइड टेक हजबंड नेम." साहेब जरा विचारात पडले आणि मग मोठ्या सहानुभूतीनं त्यांनी विचारलं, बायकोनं नाव घेतल्यावर आता या मुलाला काय म्हणायचं? काकाजींनी साहेबांच्या हातात पानाचा विडा ठेवला आणि म्हणाले, "टेक."

माझी शिकवणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर चालायची. मी आत भाकरी थापायची, ते बाहेर पाटावर बसून वाक्यं सोडायचे. "ती आंघोळ करते. सांग!" मी म्हणायची, "शी टेक्स अ बाथ." ते खूश. "बस लई वेळ घेते?" "द बस टेक्स अ लॉंग टाइम." आणखी खूश. मग गाडी घसरायची. "त्यानं वावर विकत घेतलं" याचं ते 'टेक'नंच करायचे. तिथं 'बाय' येतं असं मी हळूच म्हटलं, तर म्हणायचे, "ते पैसेवाल्याइचं. आपल्याले टेकच बरं." एका जागी मात्र ते स्वतःच अडून बसले होते. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो, हे पुस्तकात वाचून त्यांची झोपच उडाली होती. "आपण परीक्षा देतो व बाई! देणाराच घ्याले लागला, त मास्तरानं काय करावं?" हा प्रश्न त्यांनी निदान तीन हेडमास्तरांना विचारला असेल. एकानंही त्यांचं समाधान केलं नाही.

मला हसू यायचं. पदर तोंडात धरून मी हसायची आणि तव्यावरची भाकरी करपायची. एका दुपारी काकू तूर निवडत होत्या, मी शेजारी बसले होते. विचारलं, "काकू, काकाजींनी हाच शब्द काऊन धरून ठेवला हो?"

काकू आधी हसल्याच. म्हणाल्या, "तुले नाही माहीत? अवं, बढतीसाठी बोलावलं होतं यायले. मोठा साहेब होता. हे आत गेले, सलाम केला. साहेब म्हणे, टेक युवर सीट. यायले वाटलं, आपली खुर्ची घेऊन जाय म्हणते. यायनं खुर्ची उचलली न निंगाले बाहीर!"

मी पोट धरून हसले. काकूही हसता हसता सूप बाजूला ठेवून बसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "सारं हाफिस हासलं. खुर्ची कुठं ठेवावं, तेबी यायले समजे ना. तसेच उभे राह्यले व्हरांड्यात, खुर्ची धरून. कोनी आत बोलावलंच नाही मंग." एवढं बोलून त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. बढती गेली ती गेलीच. त्या दिवसापासून काकाजींनी तो शब्द सोडला नाही.

त्यानंतर उंबऱ्यावरून वाक्य आलं की मला पूर्वीसारखं हसू येईना. आलं, तरी भाकरी करपायची नाही.

त्या हिवाळ्यात मॅट्रिकचा फॉर्म भरायची वेळ आली आणि सासऱ्यांनी नाही म्हणून सांगितलं. त्यांचंही चुकत होतं असं नाही. दोनदा झालं, तिसऱ्यांदा गावात हसं होईल, ही त्यांची भीती. वर त्यांच्याकडे बिनतोड मुद्दा होता. "आता आपलं राज्य झालं. सारा कारभार मराठीत होऊन राह्यला. हिले विंग्रजी कायले पाह्यजे?" माझे यजमान खाली मान घालून जेवत होते. त्यांच्याकडून काही निघणार नाही हे मला दिसत होतं.

काकाजी थोरल्या भावापुढं कधी बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "दादा, बसू द्या तिले."

"अन् नापास झाली त?"

"झाली त झाली. घरात बसून नापास होन्यापरीस तिथं बसून होईल." ते ताटाकडेच बघत बोलत होते. "लोक हासले म्हनून मानूस मरत नाही, दादा. मले माहीत हाये."

सासऱ्यांनी भावाच्या ताटाकडे पाहिलं. मग काकूंना म्हणाले, "त्याच्या ताटात वरण वाढा. थंडं झालं असन." परवानगी मिळाली ती अशी.

माझं केंद्र बुलढाण्याला होतं. जवळच्याच देऊळघाटला काकूंचं माहेर, तिथं काकाजींनी आणि मी मुक्काम केला. काकूंच्या भावाच्या वांग्याच्या वाफ्यांतून काकाजी पहाटे माझ्यामागं फिरत वाक्यं विचारत होते आणि तो भाऊ पाणी देता देता थांबून आमच्याकडे बघत होता. परीक्षेच्या हॉलबाहेर मात्र त्यांना एकही वाक्य सुचेना. त्यांनी खिशातून लवंग काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "दाढेत धर. काई होत नाही."

पेपर संपवून आले तेव्हा ते उन्हात भिंतीला टेकून उभे होते, टोपी हातात घेऊन. टेक आलं होतं का, असं ते विचारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी तसं काहीच विचारलं नाही. "भूक लागली असन," एवढंच म्हणाले.

मी पास झाले. इंग्रजीत अगदी काठावर, पण पास. ज्यांना हसं होण्याची भीती होती, त्या सासऱ्यांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. आणि काकाजी प्रत्येक पेढ्यामागं जाऊन सांगत होते, की हे सारं टेकमुळं झालं. खरं सांगायचं तर त्या पेपरात टेक जेमतेम एकदा आलं होतं. पण ते सांगायला मी काही इतकी शिकलेली नव्हते.

पुढं मला शेगावजवळच्या एका शाळेत नोकरी लागली. काकू गेल्यावर काकाजींना त्यांच्या मुलीनं नागपूरला नेलं. मी प्रशिक्षणासाठी तिकडं गेले, तेव्हा परतीच्या दिवशी त्यांना भेटायला गेले. गच्चीवरच्या खोलीत ते एकटेच होते. कानांनी कमी ऐकू येत होतं. त्यांनी माझ्या शाळेचं विचारलं, मुलं किती, ऐकतात का, डबा कोण करून देतं, सासरे जिना चढतात का. तासभर आम्ही बोललो आणि त्या तासाभरात त्यांच्या तोंडून इंग्रजीचं अक्षर निघालं नाही. मी वाट पाहत होते. गंमत म्हणून मीच एक वाक्य टाकून पाहिलं. त्यांना ते ऐकूच गेलं नसावं. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "इथले लोक चांगले हायेत. पन कोनाले काई विचारता येत नाही."

बसची वेळ झाली म्हणून मी उठले, पाया पडले, पिशवी उचलली. काकाजींनी पिशवीचा बंद हळूच धरला.

"बस ना व बाई थोडा वेळ. घाई काय हाये?"

मी बसले. ती बस गेली. पुढची केव्हा आहे, हे मी विचारलंच नाही.