बोटीवरचं अक्षर

"काकी, जाळं टाकू की मागं फिरू? बोल लवकर!"

वायरलेसवर माझा पुतण्या जयवंत होता, बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या. माझ्या हातात सोसायटीचा मोबाईल, त्यावर हवामानाचं पान. वर बोटीचं चित्र, खाली सगळं पांढरं.

"थांब, पान येतंय."

"अजून कोरंच हाय? शाई संपली काय तुझी?"

त्याचे खलाशी हसले. मग तो म्हणाला, "वारा बरा हाय. टाकतो."

मी नको म्हटलं नाही.

मी चौथी शिकले. मच्छीमार सोसायटीत बारा वर्षं वायरलेस सांभाळते. सेक्रेटरी पालघरहून वेबसाइटवर इशारा टाकतो, मी तो बोटींना वाचून दाखवते. त्या दुपारी त्यालाच फोन लावायला हवा होता. सुचलं नाही. आता येईल म्हणून पानाकडे बघत बसले.

वेबसाइट बोईसरच्या निलेशने केली. आमच्या बोटींवर नावं रंगवणाऱ्या पेंटरच्या अक्षरावरून त्याने फॉन्ट बनवला. फॉन्ट म्हणजे अक्षरांची पेटी. ती नेटवरून फोनमध्ये उतरली की मजकूर त्या वळणात दिसतो. मराठीची पेटी जोडाक्षरांमुळे जड. ती येईपर्यंत फोन स्वतःची साधी अक्षरं दाखवू शकतो. निलेशने आधी तसंच केलं होतं. साधी अक्षरं आली आणि झटकन बदलली.

मीच म्हटलं, "हे उड्या का मारतं? चांगलं अक्षर येईपर्यंत काय दाखवूच नको."

"काकी, नेट स्लो असलं तर थांबावं लागेल."

"थांबू. आमाला घाई नाय."

कमिटीने माना हलवल्या. निलेशने तसं करून दिलं.

त्या दुपारी रेंजची एकच कांडी होती. शेवटी अक्षरं आली. 'सर्व बोटींनी तातडीने किनाऱ्याला यावे.' मी वायरलेसवर ओरडले, "जयवंत, फिर मागं!"

"वारा फिरला, काकी. जाळं पाण्यात हाय, वढतो."

"काप ते! काप!"

पुढे नुसती खरखर.

नंतर निलेशने पेंटरचा फॉन्ट काढून टाकला. पान आता एका कांडीवरही उघडतं. चेअरमन म्हणाले, "काकी, गचाळ दिसतंय."

"दिसू दे," मी म्हटलं. "इशारा वाचायचा असतो."

जयवंतच्या बोटीवर चौघे होते. धर्मा खलाशी फळीला धरून एडवणच्या किनाऱ्याला लागला. तो एकटा जगला.