कासवाच्या नखातलं शिसं

प्रिस्किला गावित म्हणजे एक नंबरची हट्टी. चिंचपाड्याकडच्या डोंगरातली पोर. बाप दानियल सांगून थकला, नर्स हो. तर ही विद्यापीठात शिकून तापीकाठी कासवांची नखं कापत बसली! लोक हसले. हसेनात का. वाळू उपसणाऱ्या बोटी जळकं ऑइल नदीत ओततात, त्यातलं शिसं कासवांच्या अंगात भिनतं, नखांत साठतं, हे तिला दाखवायचं होतं. दाखवलं, तर ग्रामसभा बोटींना बंदी घालणार होती.

कासवं सापडायची भोयांच्या जाळ्यात. वत्सलाबाई भोई ती रात्रभर टबात ठेवायची. सकाळी प्रिस्किला येऊन नखांची टोकं कापायची आणि कासवं सोडून द्यायची.

एकदा ती लवकर पोचली. बघते तर काय, वत्सलाबाई कासवाच्या पाठीला, पायांना शेंदूर चोपडतेय आणि लगेच फडक्यानं पुसतेय!

"अगं मावशी, हे काय?"

"देव शे ना बाई. जाळामा उना म्हणजे शेंदूर लावना पडस. तुले डाग नको म्हणीसन पुशी टाकस."

जाळ्यात आलेला देव म्हणून शेंदूर, आणि हिला डाग नको म्हणून पुसणं! प्रिस्किलानं फडकं ओढून घेतलं. शेंदरातही शिसं असतं! वर्षभराची मेहनत पाण्यात गेली. फोनवर तिचे विद्यापीठातले सर म्हणाले, "कुणाला कळतंय? गप्प बस." गप्प बसायला ती काय दगड होती?

ग्रामसभेत ती उभी राहिली. "माझे आकडे चुकलेत. त्यात शेंदराचं शिसं आलंय."

बोटींचा मालक भूपेंद्र मांडीवर थाप मारून हसला. "झालं ना मग? जा घरी."

"घरी कशाला? चुकलं ते माझ्या तोंडानं सांगितलं, आता खरं काय ते काढते. उद्या सकाळी, तुमच्याच बोटीपाशी, गावासमोर. बिनशेंदराचं कासव तुम्ही धरा शेठ, नखं मी कापते. आहे हिंमत?"

"मला वेळ नाही."

"ऑइल ओतायला बरा असतो वेळ!"

सभा खदखदून हसली.

सकाळी अख्खं गाव काठावर लोटलं. भूपेंद्र कसला येतोय! वत्सलाबाईनं जाळं ओढलं, त्यात चांगलं परातीएवढं कासव. तिचा हात सवयीनं कमरेच्या शेंदराच्या डबीकडे गेला आणि तिथंच थबकला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. देवाला असं रिकामं कधी धाडलं नव्हतं तिनं. मग तिनं दोन्ही हातांनी कासव घट्ट धरून प्रिस्किलापुढे केलं.

"काप बाई," ती म्हणाली. "पहिले देवनी नदी सुटू दे, मंग शेंदूर."