नवरदेवाच्या पोटावर माझा अभ्यास

आधी हातातला चहा संपवा. मंग नाकातून आला तर मले बोलू नका! कारण मी माझ्या सख्ख्या भावाचं लग्न मोडाले निघाली होती, आणि तेही एका पेनानं.

मी ऑपरेशन थिएटरच्या कोर्सले आहे. डॉक्टर नाही हं. डॉक्टरच्या हातात कात्री-चिमटे देणारी. आमच्या प्रॅक्टिकलले मॅडम विचारतात, अमक्या ऑपरेशनले पोटावर कुठं कापतात, दाखव. आता नशीब पाहा, रविवारी दादाचं लग्न आणि सोमवारी माझं प्रॅक्टिकल!

पुस्तकातलं पोट सपाट असते. खऱ्या पोटावर सगळंच सरकते. म्हणून मले खरं पोट पाहिजे होतं. आईले मागितलं, तिनं लाटणं दाखवलं. बाबा मांडववाल्याशी भांडून राहिले होते. राहिला दादा. दादाचं पोट म्हणजे सावजीच्या रश्श्यावर पोसलेलं, ऐसपैस. लिहाले भरपूर जागा!

"दादा, पोट दे ना."

"काहून वं?"

"अभ्यास कराले."

"उद्या हळद आहे माझी!"

"शाईच तर आहे रे. आंघोळ केली की जाते."

तो खुर्चीत रेलून होणाऱ्या वहिनीशी फोनवर बोलत बसला. मी समोर स्टूल टाकलं आणि सुरू झाली. एक रेघ मधोमध, वरून खाली, बेंबीले वळसा घालून. एक बरगडीखाली तिरपी, पित्ताशयाची. खालच्या कोपऱ्यात छोटी, अपेंडिक्सची. आणि सगळ्यात खाली आडवी, सिझेरियनची. दादा पुरुष आहे म्हणून काय झालं? सिलॅबस म्हणजे सिलॅबस!

साधं पेन असतं तर हा किस्साच झाला नसता. ते होतं चामडीवर खूण कराचं जांभळं पेन. ऑपरेशनच्या आधी पोट औषधानं घासघासून धुतात ना, तरी खूण पुसली जाऊ नये म्हणून बनवलेलं. हे मी स्वतः पेपरात लिहिलं होतं. पूर्ण मार्क मिळाले होते! पण घरी आल्यावर आमचं डोकं चालते कुठं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून दादा ओरडला. साबण झाला, लिंबू झालं, खोबरेल तेल झालं. मी भांड्याचा घासणा घेऊन गेली, तेव्हा तो टॉवेल गुंडाळून पळाला.

"बनियान काढूच नको," मी म्हटलं. "संपला विषय."

पण आमची आत्या! "बनियानावर कोण हळद लावते बाप्पा?" म्हणून तिनं ते डोक्यावरून ओढूनच काढलं. मी काय केलं असेन? सगळ्यांच्या आधी उडी मारली आणि दोन्ही हातांनी दादाच्या पोटावर हळद थापली. अशी थापली की एक रेघ दिसू नये.

"बहिणीची माया पाहा," आत्या डोळे पुसत म्हणाली.

सुटली बाप्पा, असं वाटलं मले. तेवढ्यात नवरीच्या घरून माणसं आली, तिची मावशी आणि काका. नवरदेवाले लागून उरलेली हळद न्याले. तीच उष्टी हळद नवरीले लागते ना! ती पोचल्याशिवाय तिकडं वहिनीची हळदच सुरू होणार नव्हती. आईनं वाटी मावशीच्या हातात दिली, काकांच्या हातात चिवड्याची प्लेट दिली, आणि इकडं आमच्या आत्यानं दादावर पाण्यानं भरलेला पितळी गुंड रिकामा केला.

हळद ओघळली. पिवळ्या पोटावर जांभळ्या रेघा अशा उठून दिसल्या की विचारू नका.

"अगं बाई! हे काय हो?" मावशी किंचाळली. "एवढी ऑपरेशनं? बोलणी झाली तेव्हा तर पोराले सर्दीसुद्धा होत नाही म्हणत होते!"

"नाही हो मावशी," मी धावली. "ऑपरेशन झालंच नाही! टाके कुठं दिसून राहिले? ही तर ऑपरेशनच्या आधीची खूण आहे."

"आधीची? म्हणजे अजून व्हाचं आहे?"

दादानं कपाळाले हात लावला. शहाणी असती तर मी तिथंच गप्प बसली असती. पण नाही! माझ्या अंगात प्रॅक्टिकल संचारलं. "हे पाहा, इथून कापलं की सगळं पोट उघडते. ही पित्ताशयाची. ही अपेंडिक्सची."

"आणि ही खालची?"

"सिझेरियनची."

मांडवातली गाणी बंद पडली. बाबा मटकन खुर्चीत बसले.

"अभ्यास आहे हो माझा," मी रडकुंडीले आली.

"अभ्यास वहीत करतात पोरी, नवरदेवावर नाही!" मावशीनं हळदीची वाटी खाली ठेवली. "मी पोरीच्या बापाले फोन लावते."

खरं सांगते, या पोरीच्या होकारासाठी दादा किती झुरला होता, ते मी पाहिलं होतं. तो ओल्या अंगानं पाटावर बसून नुसता त्या वाटीकडं पाहून राहिला होता. मले स्वतःचाच इतका राग आला की ते पेन चावून खावं वाटलं.

"थांबा हो बाई," काका म्हणाले. इतका वेळ ते चिवडा खाऊन राहिले होते. "पोरी, अपेंडिक्सचं कोणतं म्हटलं?"

मी बोट ठेवलं. काकांनी प्लेट ठेवली, कुर्ता वर केला, पायजमा जरासा खाली सरकवला आणि दादाले उठवून त्याच्या शेजारी उभे राहिले. पोटावर जुना पांढरा व्रण होता.

"हे माझं. अस्सल आहे. आता दोन्ही पाहा."

मावशीनं पाहिलं. काकांचं उजवीकडं, दादाचं डावीकडं!

"माझंही उजवीकडंच आहे," मागून आमची शेजारीण म्हणाली. "आणि आमच्या ह्यांचं पित्ताशय काढलं ना, तेही उजवीकडूनच."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी दादाच्या समोर बसली होती. माझी उजवी बाजू धरली, म्हणजे त्याची डावी! मॅडम रोज घसा कोरडा करतात, बाजू पेशंटची पाहाची, आपली नाही.

"आता सांगा बाई," काका म्हणाले, "अशी चूक कोणता डॉक्टर करते?"

"कोणताच नाही," मावशी म्हणाली. "म्हणजे हे खरंच हिनंच काढलं?"

"हाव, मीच! मीच काढलं!" मी ओरडली. "सगळं चुकलं माझं!"

मले जन्मात कधी चुकल्याचा एवढा आनंद झाला नाही. हुश्श! दादा हसला, बाबा खुर्चीतून उठले, बायकांनी पुन्हा गाणं धरलं. आईनं देवाले हात जोडले आणि त्याच हातानं माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

मावशीनं वाटी उचलली, पदराखाली नीट धरली आणि दारापर्यंत जाऊन वळली.

"विहीणबाई, जावई ठणठणीत आहे आमचा, काही तक्रार नाही. फक्त ही पोरगी पुढं कोणत्या दवाखान्यात लागते, तेवढं कळवजा. आम्ही दुसरीकडं जाऊ."