कौसल्येचा सेकंदकाटा

कौसल्या, हे तुला लिहूनच सांगते, कारण समोर बोलायला लागले की तू "बसा बाई, चहा टाकते" म्हणून आत पळतेस. दहावीला मी तुला विज्ञान शिकवलं, तेव्हापासून तुझी ही पळापळ बघतेय.

तेहतीस वर्षं तू हसनाबादला नर्स होतीस. बाळंतपण करताना मनगट मोकळं लागतं, म्हणून तुझं स्टीलचं घड्याळ कायम एप्रनला सेफ्टी पिनेनं लटकलेलं. तेही दहा मिनिटं पुढं, बस चुकू नये म्हणून. बाळाची जन्मवेळ लिहिताना ती दहा मिनिटं तू वजा करायचीस का, हे मी मुद्दाम कधी विचारलं नाही. निम्म्या गावाच्या पत्रिका त्या वेळेवर मांडल्यात, आणि तुमच्या घरी पत्रिका कोणी बघतही नाही.

नोकरी लागली त्याच वर्षी तू म्हणाली होतीस, रिटायर झाले की मनगटात हिऱ्याचं घड्याळ घालीन. मी विसरले होते. निवृत्त होऊन आठवडा झाला नाही तोच तुझा फोन. चला म्हणे जालन्याला. तुझ्या बुद्धभूषणनं सुचवून पाहिलं होतं, आई, साध्या खड्यांचं घे, खरं-खोटं कोणाला कळणार आहे? "मला कळंल की," तू त्याला म्हणालीस. हे ऐकलं आणि मी फोन ठेवायच्या आधीच चप्पल शोधायला लागले.

मी भोकरदनला बसले, शेजारची जागा रुमाल टाकून धरली. तू हसनाबादला चढलीस ती ठेवणीतली निळी साडी नेसून, डाव्या हातातल्या बांगड्या घरी काढून ठेवून.

जालन्यात घड्याळाच्या दुकानात काउंटरवर कल्याण नावाचे गृहस्थ होते, केस पिकलेले, बोलायला गोड. त्यांनी मखमलीचा ट्रे पुढं केला आणि माझ्यासारख्या कोरड्या बाईचाही हात आपोआप पुढं गेला. कडेनं हिरे, शिंपल्याच्या रंगाची तबकडी. मला पहिलंच पसंत पडलं. तू चष्मा चढवून ते नीट पाहिलंस आणि तुझा चेहरा उतरला.

"सेकंदकाटा न्हाई ह्याला."

"मावशी," कल्याण हसले, "हिऱ्याच्या घड्याळात टाइम कोण बघतंय?"

दुसरं, तिसरं, सातवं. सगळी तशीच. तू पिशवी उचललीस. तेहतीस वर्षांची हौस एका काट्यावर अडली म्हणून मला तुझा असा राग आला! दागिना आहे, दागिन्यासारखा घाल, म्हटलं. तू पिशवीतलं जुनं घड्याळ काढलंस, कल्याणांचं मनगट धरलंस आणि नाडी मोजायला लागलीस. दुकानातली झाडून सगळी घड्याळं दहा वाजून दहावर थांबलेली. चालू होतं ते एकटं तुझं.

"शहाण्णव. दिवसाला चहा किती होतो?"

ते ओशाळून आत गेले आणि एक धुळकट डबी घेऊन आले. बाराही आकड्यांच्या जागी हिरे, आणि मधोमध केसासारखा बारीक निळा सेकंदकाटा. कोणी विचारत नाही म्हणून मागं पडलं होतं म्हणे. त्यांनी ते चालू केलं. काटा निघाला. तू स्वतःचीच नाडी धरलीस. मिनिटभर मी आणि कल्याण काट्याकडं बघत उभे.

"एकशे बारा," तू म्हणालीस. "बाई, माझंच काळीज पळून राह्यलंय."

दहा मिनिटं पुढं लावायचं का, मी चिडवलं.

"न्हाई. आता बराबर लावा."

साखळी तेवढी ढिली होती. कड्या काढणारा कारागीर दुकानात फक्त मंगळवारी येतो. कल्याणांनी चिठ्ठी लिहून दिली, आणि मंगळवारी माझी जालन्याला खेप असतेच, म्हणून मीच घड्याळ नेऊन साखळी दोन कड्यांनी कमी करून आणायचं ठरलं. परतीच्या बसमध्ये राजूर येईपर्यंत तू कंडक्टरसकट चौघांची नाडी मोजलीस. एका म्हातारीनं विचारलं, हे काय चमकतंय? "हिरे," म्हणालीस आणि तिचाही हात धरलास.

चिठ्ठी अजून माझ्या पर्समध्ये आहे. चार मंगळवार झाले. दर मंगळवारी मी जालन्याला जाताना तुझ्याकडं उतरते, हात पुढं करते. तू घड्याळ कोपरापर्यंत वर सारतेस, वरून पदर ओढतेस, "पुढच्या मंगळवारी, बाई," म्हणतेस आणि चहा टाकायला आत पळतेस.