वाजणारं जाकीट

आमच्या गावचा मनसाराम तलावात मासे मारे. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं त्याचा गळा सडला. नागपूरले आपरेशन झालं, जीव राह्यला, आवाज गेला. तलावाची वाट जंगलातून. पहाटे जाणारा माणूस खाकरत, हाका मारत जाते, म्हणजे वाघ बाजूले होते. मनसारामले ते जमे नाई.

थंडी पडली तशी बायको प्रेमिला त्याले ब्रह्मपुरीच्या बाजारात घेऊन गेली. जुने कपडे विकणाऱ्या जलालुद्दीनभाऊनं एक मऊ जाकीट काढलं. "हे घे बाई. हवा आत येत नाई, ताणलं त लांबते, अन् जराही वाजत नाई."

"वाजणारं दाखवा," प्रेमिला म्हणाली.

"काऊन? भाऊले वरातीत नाचवाचं हाये का?"

मनसारामनं ढिगातलं एक पातळ प्लास्टिकचं जाकीट घातलं, हात हलवले. ते चरचर वाजलं. त्यानं तेच घेतलं.

वाघ काही त्याले भेटला नाई. पण जाकिटाची चेन तुटकी, आत वारा शिरे. छाती भरली अन् पूस महिन्यात मनसाराम गेला. मयतीत कोणीतरी म्हणालं, मऊवालं घ्याले पाह्यजे होतं.

प्रेमिला म्हणाली, "वाघानं नेलं असतं त तोंड पाहाले भेटलं नसतं."